तापलेला रस्ता आणि वेगवान मोटारीचे टायर

भिलाईच्या माणसास उष्णतेची ओळख करून देण्याचे कारण नाही. येथील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून वितळलेल्या लोखंडाची झळ हा या नगराच्या जीवनाचा एक भागच होऊन बसला. ती झळ कारखान्याच्या आवारात राहते. वैशाख-ज्येष्ठातील ऊन मात्र सर्वांच्या वाट्याला सारखेच येते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंश सेल्सियसपर्यंत चढतो, कधी त्याच्याही वर जातो, आणि दुपारच्या वेळी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पलीकडे तापतो. अशा रस्त्यावरून वेगाने धावणाऱ्या मोटारीस कोणते टायर असावेत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

विचार मोघम राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, भिलाईच्या कडेस असलेल्या कुरुद भागात (धमतरीकडील कुरुद निराळे) एक मराठी गृहस्थ राहतात. त्यांनी हौसेने एक स्पोर्ट्स मोटार बाळगली आहे. माणसे व सामान धरून तिचे वजन १,४०० किलोग्रॅम भरते. टायर झिजले आहेत. महिना मे आहे, आणि जूनच्या मध्यास मुलीला शिक्षणासाठी मुंबईस पोचवावयाचे आहे. दुर्ग जिल्हा व नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, त्यामुळे नागपूरची वाट या घराला पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची. राष्ट्रीय महामार्ग ५३ ने राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा अशी सुमारे २६० किलोमीटरांची ती वाट आहे. नागपूरपासून पुढे समृद्धी महामार्ग लागतो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे. म्हणजे मोटार वेगाची, रस्ता वेगाचा, ऋतू उन्हाचा, आणि प्रवासाच्या दिवशी पहिला पाऊस गाठण्याचा पुरता संभव.

दुकानात त्यांच्यापुढे तीन प्रकारचे टायर ठेवले जातात. पहिला शर्यतीच्या टायरचा सख्खा भाऊ शोभावा असा. त्याच्यावर खाचा मोजक्याच, रबर बोटाला चिकटेल असे मऊ. दुसरा रस्त्यावर चालणाऱ्या वेगवान मोटारींसाठी केलेला उन्हाळी टायर. तिसरा दीर्घकाळ टिकणारा, इंधन वाचविणारा, प्रवासी मोटारीचा. तिघांचे माप एकच आहे. निवड कशी करावी?

प्रथम एक साधे गणित करू. चार चाकांवर १,४०० किलोग्रॅम भार समान वाटला, तर प्रत्येक चाकावर ३५० किलोग्रॅम येतो. टायरात दर चौरस इंचास ३३ पौंड हवा असेल, तर हा भार तोलून धरण्यास सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जागा लागते. टपालातील पोस्टकार्ड १२६ चौरस सेंटिमीटरांचे असते. म्हणजे पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या अशा चार ठशांवर ती संपूर्ण मोटार उभी असते. पळणे, वळणे व थांबणे ही तिन्ही कामे त्या चार ठशांनीच करावयाची असतात. रुंद टायर घेतला म्हणजे ठसा मोठा होतो असा समज आहे, तो खरा नव्हे. हवेचा दाब तोच असेल तर क्षेत्रफळही जवळजवळ तेच राहते. केवळ आकार बदलतो. लांबट ठसा आखूड व रुंद होतो. वळणावर त्याचा लाभ होतो, साचलेल्या पाण्यावर तोटा होतो.

रबर पकडते म्हणजे काय?

भारतात ‘उन्हाळी टायर’ हा शब्द ऐकून पुष्कळांस वाटते की हा उन्हाळ्यात बसवून पावसाळ्यात काढून ठेवावयाचा टायर असावा. वस्तुतः हा शब्द थंड देशांतून आलेला आहे. तिकडे हिवाळ्यासाठी निराळे रबर लागते, कारण उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठ होऊ लागते व त्याची पकड ढिली पडते. छत्तीसगडच्या सपाट प्रदेशात असा दिवस क्वचितच उगवतो. तेव्हा आपल्याकडे उन्हाळी टायर बाराही महिने चालतो, आणि त्याची खरी कसोटी पाहणारा ऋतू उन्हाळा नसून पावसाळा होय. ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. पुढील बहुतेक विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

ऋतू व रबर यांचे भांडण जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कच्च्या रबराचे बूट व कापड बाजारात आले तेव्हा ते उन्हाळ्यात चिकट होऊन पाघळत व हिवाळ्यात लाकडासारखे ताठ होत. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला रबर व गंधक एकत्र तापविल्याने हा दोष जातो असे आढळले. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणुसाखळ्यांना जागोजाग टाके घालतात. साखळ्या ताणल्या जातात, पण एकमेकींवरून घसरून कायमच्या दूर जात नाहीत. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर केला तो या संस्कारित रबराच्या आधारावरच.

आता पकडीकडे वळू. रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी त्याच्या अंगावर खडीची लहानमोठी टोके असतात. रबर त्या टोकांवर दाबले जाते, त्यांच्याभोवती वाकते व पुढे सरकताना पूर्वस्थितीला येऊ पाहते. पोलादाची स्प्रिंग दाबून सोडली तर दिलेली ऊर्जा ती जवळजवळ पूर्ण परत करते. रबर तसे करीत नाही. ते आळसाने परतते आणि ऊर्जेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने स्वतःजवळ ठेवून घेते. शास्त्रीय परिभाषेत या गुणास ‘शैथिल्य’ म्हणतात. हा आळसच आपल्या उपयोगी पडतो. टोकाच्या पुढच्या बाजूस रबर जोराने रेटते, मागच्या बाजूस सावकाश परतल्यामुळे तितक्या जोराने रेटत नाही. या दोन बलांतील फरक मोटारीस घसरण्यापासून रोखतो. याशिवाय कोरड्या रस्त्यावर रबराचे रेणू दगडाला क्षणमात्र चिकटतात, त्याचीही भर पडते. पाण्याने रस्ता ओला झाला की चिकटण्याचे काम बहुतेक संपते, आणि सारी भिस्त शैथिल्यावर येते.

यातून एक पेच उत्पन्न होतो. अधिक शैथिल्य म्हणजे अधिक पकड खरी. परंतु चाक नुसते फिरतानाही टायर सतत वाकत असतो, आणि तेथेही तेच शैथिल्य ऊर्जा खाते. इंधन अधिक लागते आणि टायर तापतो. पकड हवी तर उष्णता पत्करावी लागते. उष्णता नको तर पकड सोडावी लागते. पुष्कळ काळ टायरच्या धंद्यात हा सौदा अटळ मानला जात असे.

त्यातून वाट निघाली ती रबराच्या आणखी एका चमत्कारिक स्वभावामुळे. त्याला हळू वाकविले तर ते मऊ असते. अतिशय जलद धक्के दिले तर ते थंडीत असल्याप्रमाणे ताठर व आळशी वागते. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चाकात टायरचा प्रत्येक भाग सेकंदास सुमारे १७ वेळा चपटा होतो. ब्रेक लावल्यावर खडीच्या सूक्ष्म टोकांवरून सरकताना त्याच रबराला सेकंदास हजारो ते लाखो धक्के बसतात. म्हणजे इंधन खाणारे कंपन मंद व पकड देणारे कंपन द्रुत. जे रबर मंद कंपनात चपळ राहील व द्रुत कंपनात आळशी होईल, ते दोन्ही अंगांनी लाभदायक ठरेल. रबरात पूर्वापार घातल्या जाणाऱ्या काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका, म्हणजे वाळूचेच अतिसूक्ष्म रूप, घातल्याने हे बऱ्याच अंशी साधते. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९९२ च्या सुमारास असे टायर बाजारात आणले. आजच्या चांगल्या उन्हाळी टायरची ओल्या रस्त्यावरील पकड बव्हंशी या सिलिकेची देणगी आहे. तरीही पेच पुरता सुटला असे समजू नये. तो सैल झाला आहे, इतकेच.

उष्णता आतली

उन्हाळ्यात टायर फुटतात, तेव्हा दोष उन्हाला दिला जातो. ऊन साथीदार असते, मुख्य कर्ता नव्हे. आपल्या उदाहरणातील टायरचा परीघ सुमारे २ मीटर आहे. नागपूरहून शिर्डीस पोचेपर्यंत त्याचा प्रत्येक भाग सुमारे २ लाख ६० हजार वेळा दबतो व सुटतो. प्रत्येक वेळी थोडी उष्णता आत निर्माण होते, आणि रबर हे उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती बाहेर पडण्यास वेळ लागतो. हवा योग्य असेल तर टायर थोडाच वाकतो, निर्माण होणारी व बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ बसतो आणि तापमान एका पातळीवर स्थिरावते. हवा कमी असेल तर टायरच्या कडा फार वाकतात आणि हा मेळ बिघडतो. पुढे वेग फारच वाढला तर दबलेला भाग पूर्ववत होण्याआधीच पुन्हा रस्त्याला येऊन भिडतो. टायरच्या अंगावर लाटा उभ्या राहतात आणि काही मिनिटांत पट्ट्यांचे थर एकमेकांपासून सुटतात. शिवाय ताशी १२० किलोमीटर वेगाला टायरच्या बाहेरच्या कडेवरील प्रत्येक ग्रॅम रबर सुमारे ३५० ग्रॅम भारासारखे बाहेर ओढत असते. तापून सैल झालेल्या थरांना ही ओढ सोसत नाही.

याकरिताच एका प्रचलित समजुतीचा येथे थोडा विस्ताराने समाचार घेतला पाहिजे. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे तापल्यावर टायर फुटत नाही’ असा सल्ला महामार्गावरील पंक्चरवाल्यांपासून घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांकडून ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गणित चुकलेले असते. सकाळी ३० अंश तापमानास टायरात ३३ पौंड हवा भरली. हा दाब वातावरणाच्या दाबाहून वरचा, वातावरणाचे १४.७ पौंड मिळविले म्हणजे एकूण दाब ४७.७ पौंड होतो. दुपारी धावताना आतील हवा ६५ अंशांवर गेली, तर वायूंच्या नियमानुसार एकूण दाब ५३.२ पौंड होईल, म्हणजे दाबमापक सुमारे साडेअडतीस पौंड दाखवील. ही साडेपाच पौंडांची वाढ कारखान्याने गृहीत धरलेलीच असते. टायर त्याहून पुष्कळ अधिक दाब सोसतो. आता चालकाने भिऊन तापलेल्या टायरातील हवा सोडली व मापक ३३ वर आणला, तर दुसऱ्या सकाळी थंड टायरात केवळ २८ पौंड उरतील. त्या २८ पौंडांवर तो मोटार दामटील, टायर अधिक वाकेल, अधिक तापेल, आणि ज्या संकटाला तो भ्याला तेच ओढवून घेईल.

यास्तव हवा सकाळी, मोटार हलविण्यापूर्वी तपासावी. किती भरावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. पूर्ण भारासाठी निराळा, वरचा आकडा असेल तर लांबच्या प्रवासास तो घ्यावा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरावयाचा नसतो. नायट्रोजनविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापमानाने दाब वाढण्याचा नियम दोघांना सारखाच लागू आहे. नायट्रोजन कोरडा असतो व थोडा सावकाश झिरपतो. पण तो भरला म्हणून दाब तपासण्यापासून सुटका होत नाही.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर २०२३ साली परिवहन खात्याने तेथे वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घेतली, ती गुळगुळीत टायर हुडकण्यासाठी. ते योग्यच होते. परंतु कमी हवेचा टायर नवा व नक्षीदारही असू शकतो, आणि नुसत्या नजरेला तो पुष्कळदा कळत नाही.

पहिला पाऊस

जूनच्या मध्यास मोसमी पाऊस या प्रदेशात येतो. सात-आठ महिने रस्त्यावर साचलेली धूळ, तेलाचे थेंब आणि झिजलेल्या रबराची पूड पहिल्या सरीत मिसळून एक निसरडा लेप तयार होतो. जोराची सर येऊन तो धुऊन नेईपर्यंत रस्ता सर्वांत धोक्याचा असतो. त्यानंतर धोक्याचे रूप बदलते, आणि साचलेल्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो.

रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि २०० मिलिमीटर रुंदीचा ठसा ताशी ८० किलोमीटर वेगाने त्यावरून जात आहे, असे धरू. त्या एका टायरला दर सेकंदास सुमारे १३ लिटर, म्हणजे एक बादलीभर, पाणी बाजूस सारावे लागते. ते साधले नाही तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगू लागते. सुकाणू हलके होते. ब्रेक दाबला तरी मोटार त्याची दखल घेत नाही. अमेरिकेतील नासा संस्थेच्या हॉर्न व ड्रेहर या संशोधकांनी विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून याचा नियम बांधून १९६३ साली प्रसिद्ध केला. हा तरंगवेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यांच्या सूत्राने ३३ पौंडांस तो ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो, २८ पौंडांस ८८. खाचा झिजलेल्या असतील, किंवा खाचांना आवरणार नाही इतके पाणी असेल, तेव्हाचे हे आकडे आहेत. खोल खाचांचा टायर याहून पुढे टिकतो. मघाचे हवा सोडणारे चालक येथे दुसऱ्यांदा नुकसानीत आले हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

आता थांबण्याचा हिशेब पाहू. वेग ताशी १०० किलोमीटर, रस्ता ओला. एका टायरचा घर्षणगुणांक ०.७ व दुसऱ्याचा ०.५ धरला, तर पहिली मोटार ब्रेक लागल्यापासून ५६ मीटरांत थांबते, दुसरीस ७९ मीटर लागतात. तेवीस मीटरांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. परंतु पहिली मोटार जेथे पूर्णपणे उभी राहिली, त्या बिंदूवरून दुसरी अद्याप ताशी ५३ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. समोर बंद पडलेला मालट्रक उभा असेल तर आपल्या गृहस्थांच्या व त्यांच्या मुलीच्या दृष्टीने सारा प्रश्न या ५३ आकड्यात आहे.

टायरच्या अंगावरील अक्षरे

दुकानातील टायरवर २२५/४५ आर १७ ९४ वाय असे काहीसे कोरलेले असते. रुंदी २२५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे त्रिज्यीय बांधणी. आणि धातूच्या चाकाचा व्यास १७ इंच. पुढील ९४ हा भारांक ६७० किलोग्रॅम भार दर्शवितो. शेवटचे अक्षर वेगाचे. ‘एस’ ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ १९०, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४०, ‘डब्ल्यू’ २७०, ‘वाय’ ३००. (इंग्रजी वर्णमालेत ‘एच’ हे ‘एस’च्या पुष्कळ आधी येते, येथे त्याला मध्येच कोंबलेले पाहून नवखा माणूस गोंधळतो.) मुभा १२० ची असता ३०० चे अक्षर कशाला, असे कोणी विचारील. हे अक्षर वेगाचा परवाना नसून उष्णता सोसण्याच्या ताकदीचा दाखला आहे. ज्या कारखान्याने मोटार घडविली त्याने सांगितलेल्या अक्षराच्या व भारांकाच्या खाली उतरू नये. वर जाण्यास हरकत नाही.

भिंतीच्या उंचीबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे. बुटक्या भिंतीचा टायर व मोठे चाक दिसण्यास रुबाबदार असते, आणि वळणावर तो चटकन प्रतिसाद देतो. २२५/४५ आर १७ च्या ऐवजी २२५/३५ आर १९ घेतला तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, पण भिंत १०१ वरून ७९ मिलिमीटरांवर येते. गल्लीबोळांतील गतिरोधक आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे या ७९ मिलिमीटरांची कीव करीत नाहीत. खड्ड्याची कड व चाकाची कड यांच्यामध्ये भिंत चिमटली जाते, आतील धागे तुटतात आणि काही दिवसांनी तेथे फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. ज्यास रोज गतिरोधक ओलांडून घरी जावयाचे आहे त्याने मूळ माप सोडू नये.

अमेरिकेस जाणाऱ्या टायरांवर आणखी तीन खुणा असतात, आणि त्या येथेही पुष्कळ टायरांवर आढळतात. पहिला आकडा झिजेचा. ३०० म्हणजे ठरावीक चाचणीत १०० अंकाच्या प्रमाण टायरच्या तिप्पट टिकाऊ. हा आकडा उत्पादक स्वतःच देतो, तेव्हा एकाच उत्पादकाच्या दोन टायरांची तुलना करण्यापुरताच त्यावर विश्वास ठेवावा. दुसरी खूण ओल्या रस्त्यावरील पकडीची व तिसरी उष्णता सोसण्याची; या तिसऱ्या खुणेत ‘ए’ श्रेणी सर्वांत वरची. युरोपच्या चिठ्ठीवर ओल्या पकडीची श्रेणी ‘ए’ ते ‘ई’ अशी असते. आपल्याकडे केंद्र शासनाने २०२२ साली रोधन, ओली पकड व आवाज यांच्या किमान मर्यादा टायरांना लागू केल्या. त्याआधीपासून भारतीय मानकाची आयएसआय खूण आवश्यक आहेच. ती नसलेला परदेशी टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

यानंतर जन्मतारीख पाहावी. लंबवर्तुळात चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रबरावर प्राणवायूची क्रिया सतत चालू असते, आणि ठोकळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की ती दुप्पट वेगाने होते. पत्र्याच्या छपराखाली दोन उन्हाळे काढलेला टायर नवा दिसतो, पण तो तितका नवा नसतो. वापरातील टायर पाच वर्षांनंतर दरसाल तपासून घ्यावा, आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे ठेवू नये, असे अनेक उत्पादकच सांगतात.

आता त्या तीन टायरांकडे परत येऊ. पहिल्याचा झिजेचा आकडा, समजा, १८० आहे. कोरड्या धावपट्टीवर तो सर्वांना मागे टाकील. परंतु त्याच्या खाचा मुळातच उथळ व थोड्या आहेत. साकोलीच्या पुढे पावसाची सर गाठली तर बादलीभर पाणी बाजूस सारण्याचे काम त्याला झेपणार नाही. तिसऱ्याचा आकडा ५०० आहे. तो पुष्कळ वर्षे चालेल व पेट्रोल वाचवील. मात्र त्याची ओल्या पकडीची श्रेणी ‘सी’ आहे, आणि वेगाचे अक्षर कारखान्याने सांगितलेल्याच्या खालचे. दुसऱ्याचा आकडा ३००, खाचा नवेपणी आठ मिलिमीटरांच्या आसपास, ओली पकड ‘ए’. तो तिसऱ्याहून लवकर झिजेल. गृहस्थांनी दुसरा घ्यावा. स्वस्तात पडावे म्हणून दोनच घ्यावयाचे असतील तर नवी जोडी मागच्या चाकांना लावावी. पुढची चाके घसरली तर मोटार सरळ जाऊ पाहते व चालकाला ते जाणवते, मागची घसरली तर ती भोवऱ्यासारखी फिरते. मात्र एका अक्षावर दोन निरनिराळ्या जातींचे टायर कधीही बसवू नयेत. कित्येक उन्हाळी टायरांची आतली व बाहेरची बाजू ठरलेली असते. तशी अक्षरे टायरवर असतात, ती बसविताना पाहून घ्यावी.

कायद्याने मोटारीच्या टायरात १.६ मिलिमीटर खोलीच्या खाचा पुरेशा मानल्या आहेत, आणि खाचांच्या तळाशी त्या उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. मला स्वतःला ही मर्यादा पावसाळ्यासाठी फार उदार वाटते. तीन मिलिमीटर उरले असता पावसाळा यावयाचा असेल, तर पावसाळ्याच्या आधीच टायर बदलावेत.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, म्हणून पहिले दोनतीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक व जोराची वळणे टाळावी. मे महिन्यात टायर बसवून नागपूरची एक फेरी सावकाश केली की हे काम उरकते. निघण्यापूर्वी मागील खणातील स्टेपनी पाहावी. स्पोर्ट्स मोटारीत ती पुष्कळदा सडपातळ व तात्पुरत्या कामाची असते, आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरांची मर्यादा छापलेली असते. महामार्गावर ती बसवावी लागली तर डावीकडच्या मार्गिकेतून जवळच्या गावापर्यंतच जावयाचे. अशा स्टेपनीत बहुधा ६० पौंड हवा लागते. हा आकडा पंपावर मुद्दाम सांगावा. सांगितला नाही तर हवा भरणारा मुलगा सवयीने ३३ वरच थांबतो.